जिथे पताका तिथे शिक्का

१ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ६.१०

नवी वही. पाचला उठायचे ठरले होते. सहाला उठलो. पहिल्याच दिवशी इतक्या जवळ जाणे वाईट नाही.

देव्हाऱ्यात बुद्धापुढे आणि आईच्या फोटोपुढे गरम भात ठेवला, घंटा वाजवली, दहा मिनिटे डोळे मिटून बसलो. त्यातली आठ मिनिटे पत्रकाचा विचार आला. पत्रके काल छापून आली: 'कुसाका योशिहिदे, वकील. घटस्फोट, नोकरी, वारसा. बावीस वर्षांचा अनुभव.' फोटोत डोके जरा मोठे आलेय. नात्सुएला तसे म्हटले, तर ती म्हणाली, "आहे तेवढंच आलंय."

नात्सुए माझी बायको. ऑफिसातली कारकूनही तीच. खाली ऑफिस, वर घर, मधे तेरा पायऱ्या. एकवीस वर्षे ती सकाळी नऊला या पायऱ्या उतरते आणि संध्याकाळी सहाला चढते. कामाला जायला इतके कमी चालावे लागणारी बाई सगळ्या कुरायोशीत दुसरी नसेल.

महत्त्वाचे: २२ नोव्हेंबरला, म्हणजे दरवर्षी पाळतात त्या 'चांगल्या जोडप्यांच्या दिवशी', सार्वजनिक सभागृहात माझे लेक्चर. विषय 'संसार मोडण्याआधीची चिन्हे'. या विषयावर माझ्याइतके पाहिलेला माणूस जिल्ह्यात नाही.

संकल्प. पाचला उठणे. दुपारचा गोड पाव अर्धाच खाणे. आणि वाचल्याशिवाय कशावरही सही न करणे, कारण लेक्चरात लोकांना मी हेच सांगणार आहे.

त्याच दिवशी, दुपारी ४

मंगळवार हा शिक्क्याचा दिवस. नात्सुए आठवड्याचे सगळे कागद चळत करून आणते. कागदाची पिवळी पताका चिकटवलेली असेल तिथे शिक्का, निळी असेल तिथे सही. आज एकेचाळीस कागद, नऊ मिनिटे. संकल्प आठवला तेव्हा अर्धी चळत झाली होती. अर्ध्यातून सुरू करण्यापेक्षा पुढच्या मंगळवारपासून.

पाव पूर्ण खाल्ला. अर्धा ठेवला असता तर वाळला असता.

५ ऑक्टोबर, शनिवार

नात्सुए नेहमीप्रमाणे वर डोंगरातल्या गावाला, माझ्या बाबांकडे. बाबा त्र्याऐंशीचे. घर आणि नाशपातीची बाग एकट्याने सांभाळतात, म्हणजे शनिवार-रविवार नात्सुए असते. मीही जाणार होतो, पण लेक्चरची तयारी.

मी एकुलता एक. त्यामुळे बाग पुढे माझ्याकडे येणार. पंचावन्न झाली की वर जाऊन राहायचे, सकाळी सूत्रपठण, दुपारी झाडाखाली वाचन. बुद्धाने आसक्ती सोडा म्हटले आहे. बागेबद्दल मला आसक्ती नाही. ती माझीच आहे, एवढेच. नात्सुएला हा बेत अजून सांगितलेला नाही, पण त्यात ती धरलेली आहे. स्वयंपाक कोण करणार?

नववर्षाला बाबांना मृत्युपत्राचे नियम समजावले होते. सगळे स्वतःच्या हाताने लिहायचे, आणि खाली 'शुभदिनी' असले काही लिहायचे नाही. वर्ष, महिना, दिवस सगळे लिहायचे, नाहीतर कागद रद्द. बाबा संत्रे सोलत ऐकत होते. लक्षात राहिले असेल असे वाटत नाही.

संध्याकाळी नात्सुएने त्यांचा निरोप आणला: "त्याला सांग, झाडं त्याला ओळखत नाहीत." म्हातारपणी माणूस कवी होतो.

९ ऑक्टोबर, बुधवार

नवी अशील, हिराइवा आजी. वय एकाहत्तर, लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षे. घटस्फोट हवा. कारण विचारले तर म्हणाल्या, नवरा नुसता 'हं' म्हणतो. चहा हवा, हं. मुलगा आला, हं. मी मरते आहे म्हटलं तरी हं.

मग माझ्याकडे न बघता नात्सुएला विचारू लागल्या, "तुमचे हे बोलतात का गं?"

नात्सुए म्हणाली, "कोर्टात बोलतात."

दोघी बराच वेळ हसल्या. ऑफिसातले वातावरण मोकळे असणे चांगले. लेक्चरच्या टिपणात पहिले चिन्ह लिहिले: 'बायको परक्यांशी हसू लागते.' मग खोडले. इतक्या साध्या गोष्टीने लोक घाबरतील.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

जेवताना नात्सुएने विचारले, एखादी कारकून एकवीस वर्षे एकाच ठिकाणी असेल तर तिला पगारी रजा किती? मी वीस मिनिटे समजावले. वर्षाला वीस दिवस, दोन वर्षांची साठते, म्हणजे चाळीस. ती म्हणाली, "आणि तिने कधी मागितलीच नाही तर?"

"तर मालकाचं नशीब."

ती म्हणाली, "हं."

मग आणखी एक शंका. घटस्फोटानंतर बाईच्या आडनावाचे काय होते? मी म्हटले, माहेरचे परत मिळते. नवऱ्याचे ठेवायचे असेल तर तीन महिन्यांत अर्ज. ती म्हणाली, "मला कुसाका आवडतं. नाशपातीच्या खोक्यांवर तेच छापलेलं आहे." भरून आले. बावीस वर्षांनीही जिला नवऱ्याचे नाव आवडते, अशा बायका आता राहिल्या नाहीत. शिवाय या वयात कायद्याची गोडी लागली, तेही छान.

चळत: अडतीस कागद. पहिला कागद अक्षरन् अक्षर वाचला. झेरॉक्स मशीनच्या भाड्याचे नूतनीकरण. फार कंटाळवाणे. पुढचे नेहमीप्रमाणे. पण सुरुवात झाली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

चव्वेचाळीस कागद. वेळ बारा मिनिटे, कारण एका कागदाने खोळंबा केला. एरवी चळत ठेवून नात्सुए चहा करायला जाते. आज तशीच उभी राहिली. शेवटून तिसऱ्या कागदावर अगदी कोपऱ्यातल्या 'इतर बाबी' या चौकटीत निळी आणि पिवळी दोन्ही पताका. ती म्हणाली, "हा एवढा वाचा."

मी म्हटले, "तू वाचलायस ना?"

"मी लिहिलाय."

"मग झालं की."

"अहो, वाचा. बाबांचा कागद आहे."

बाबांचे कागद म्हणजे बागेच्या पाण्याचे, नाहीतर फळसंघाचे. तेवढ्यात सभागृहातून फोन आला, माइक हातातला हवा की उभा? हे जास्त निकडीचे होते. फोन कानाला धरून सही केली, शिक्का मारला. फोन ठेवल्यावर ती तिसऱ्यांदा म्हणाली, "अजूनही वाचू शकता. मी थांबते." मी पुढचा कागद ओढला. तिने शाईवर फुंकर घातली आणि तो कागद चळतीत न ठेवता हातातच घेऊन गेली.

इतका परस्परविश्वास किती घरांत असेल? लेक्चरात घालावे, नावे न घेता.

गावच्या शाळेत चार इयत्ता एकाच खोलीत बसायच्या, आणि गुरुजी सगळ्यांना एकच सांगायचे: आधी वाच, मग लिही. हेही लेक्चरात घालावे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

नात्सुएने अंथरूण शिवणाच्या खोलीत नेले. माझे घोरणे. टिपणात दुसरे चिन्ह लिहिले: 'अंथरूण वेगळे होणे.' आमच्या बाबतीत कारण वैद्यकीय आहे, त्यामुळे ते चिन्ह लागू नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

आईचे श्राद्ध. वर गावी गेलो, ऑगस्टनंतर पहिल्यांदा. देवळाचे भटजीबुवा आले होते. पठण संपल्यावर मला वाकून म्हणाले, "अभिनंदन. थोरल्या कुसाकांच्या घरी लेक आली."

बाबांनी मांजर पाळलीय, पट्ट्यापट्ट्यांची. मी म्हटले, "हो, उंदीर फार झाले होते."

बुवांनी पुन्हा हात जोडले. मग म्हणाले, बुद्धाची करुणा अपार आहे. त्यांचेही वय झाले.

बाबा नात्सुएला आता सूनबाई म्हणत नाहीत, पोरी म्हणतात. "पोरी, तारा ताणून घे, यंदा बर्फ लवकर पडणार." नाशपातीच्या फांद्या तारांच्या मांडवावर बांधलेल्या असतात, बर्फ साचला की तारा तुटतात आणि झाडे फाटतात. दर हिवाळ्यात ही दोघे काठ्या घेऊन बर्फ झाडतात. मला पाठीचा त्रास.

निघताना बाबांना विचारले, मृत्युपत्र लिहिले का? म्हणाले, "आता गरज उरली नाही." एकच वारस असेल तर मृत्युपत्राची गरज नसते, हे त्यांना शेवटी कळले तर. नववर्षाचे शिकवणे वाया गेले नाही. गाडीत मी शीळ घातली. नात्सुए खिडकीबाहेर बघत होती.

११ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.४०

नऊ वाजून पाच मिनिटांनी फोन. तोक्योहून एक बाई. अत्यंत नम्र. म्हणाल्या, त्यांची कंपनी राजीनाम्याचे निरोप पोचवते. ज्यांना मालकाला तोंडाने सांगता येत नाही, त्यांच्या वतीने. "आपल्या कार्यालयातल्या कुसाका नात्सुए यांनी नोकरी सोडली आहे. उरलेली चाळीस दिवसांची रजा आजपासून. ऑफिसच्या कामासाठी कृपया त्यांच्याशी थेट बोलू नये, आमच्यामार्फत बोलावे."

मी मागे पाहिले. खुर्ची रिकामी. वर भांड्यांचा आवाज येत होता.

मी अनुभवी माणूस. शांतपणे म्हटले की ज्या धंद्यात फक्त घरातलीच माणसे काम करतात, तिथे हा रजेचा कायदा लागू नाही. बाई म्हणाल्या, "हो, आपण असं म्हणाल असं त्या म्हणाल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, दारावर 'नोकरी' असं लिहिलेल्या ऑफिसात बसून ते पुन्हा एकदा म्हणून दाखवा."

रजा मंजूर केली. नियमापेक्षा जास्त दिली, हे कुठेतरी नोंदलेले असावे म्हणून इथे लिहितो.

वर जाऊन विचारले, हे काय? ती म्हणाली, "मिसोचं सूप गरम आहे." म्हटले, इकडच्या इकडे सांगता आले नसते? ती म्हणाली, "गेली सहा वर्षं सांगतेय. तुम्ही म्हणता, मंगळवारी चळतीत ठेव."

निदान: थकवा. चाळीस दिवसांत उतरेल.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

चळतीला पताका नाहीत. सगळे कागद सारखेच दिसतात. चार तासांत तीन शिक्के, त्यातला एक उलटा. शाईची डबी सापडत नव्हती. वर ओरडून विचारले. उत्तर आले, "ते ऑफिसचं काम आहे. तोक्योला विचारा."

तोक्योला फोन केला. बाईंनी निरोप लिहून घेतला. दोन मिनिटांनी वर फोन वाजला. नात्सुए बोलताना मला पायऱ्यांवरून ऐकू येत होते. मग खाली माझा फोन वाजला: "डबी तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात आहे. आणि सूप निवतंय, असंही त्यांनी सांगितलं आहे, पण हा निरोप घरगुती असल्यामुळे तो आमच्या सेवेत बसत नाही."

हिराइवा आजी आल्या. "त्या बाई कुठेत?"

रजेवर, म्हटले.

"पगारी?"

हो, म्हटले. आजींनी पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिले. मग म्हणाल्या, त्यांची केस तूर्त थांबवा. परवा नवरा आपणहून म्हणाला, "थंडी आहे, शाल घे." पूर्ण वाक्य. त्या आठवडाभर वाट बघणार, आणखी एखादे येते का.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

लेक्चर यशस्वी. चौदा माणसे, त्यातली काही चहासाठी. बायको परक्यांशी हसू लागते (हे पुन्हा घेतले). अंथरूण वेगळे. रजा, आडनाव असल्या चौकशा. माहेरी किंवा अन्य एका ठिकाणी वारंवार जाणे. कमी बोलणे. लोक भराभर लिहून घेत होते. शेवटी म्हटले, चिन्हे सगळ्यांना दिसतात. वाचायला अनुभव लागतो.

हिराइवा आजींनी हात वर केला. "वकीलसाहेब, हे सगळं तुम्हाला घरबसल्या सुचलं का?"

खूप हशा. नात्सुए शेवटच्या रांगेत होती. ती हसत नव्हती. नवऱ्याचे लेक्चर ऐकायला आपणहून आली, याचा मला आनंद झाला.

दारात तिने एक फॉर्म हातात दिला. घटस्फोटाचा. तिची बाजू भरलेली. नवऱ्याच्या रकान्यात एक निळी पताका. मी म्हटले, आज? चांगल्या जोडप्यांच्या दिवशी? ती म्हणाली, "नगरपालिका आज उघडी आहे. पण घाई नाही. या वेळी वाचूनच सही करा."

कुठे राहणार, विचारले. म्हणाली, "वर. बाबांकडे."

मग तर काळजीच मिटली. घटस्फोटित सुनेला सासऱ्याच्या घरावर आणि बागेवर कसलाही हक्क नसतो. उद्या बाबांना प्रेमाने समजावून सांगतो. आसरा नाही म्हटल्यावर माणूस परत येतो. बावीस वर्षे हेच पाहिले आहे. फॉर्म देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

वर गेलो. पाचला उठलो होतो, हे नमूद करतो.

बाबा शिडीवर, नात्सुए खाली दोरीचे तुकडे हातात देत होती. मांडवाखाली उभे राहून बाबांना कायदा सांगितला. घटस्फोट झाला की ती या घराला परकी. तिला ठेवून घेणे म्हणजे परक्या बाईला ठेवून घेणे. गावही बोलेल.

बाबांनी एक गाठ मारली, दुसरी मारली. मग म्हणाले, "तुझी ती कोणी नसेल, योशी. माझी लेक आहे."

मी म्हटले, तशी भावना असणे चांगलेच, पण कायद्यात.

"कायद्यातच म्हणतोय." खाली उतरून ते घरात गेले आणि फळांवर बांधायच्या कागदी पिशव्यांच्या डब्यातून कुटुंबनोंदीचा उतारा आणि एक झेरॉक्स घेऊन आले. २४ ऑक्टोबर. कुसाका तोकुजी यांनी कुसाका नात्सुए हिला दत्तक घेतले. साक्षीदार दोन: भटजीबुवा आणि हिराइवा आजी. विवाहित बाईला दत्तक जायचे तर नवऱ्याची संमती लागते. ती 'इतर बाबी' या चौकटीत होती. माझी सही. माझा शिक्का, थोडा तिरका. नऊ मिनिटे उलटली की माझा शिक्का तिरका पडतो.

मी तो कागद वाचला. पुढून, मागून, बारीक अक्षरातले सगळे. दोष शोधत होतो. तारीख पूर्ण, वर्ष-महिना-दिवस. बाबांचे अक्षर ठळक. कुठे खोड नाही. नात्सुएने लिहिलेल्या कागदात दोष कधीच नसतो. माझी निम्मी कीर्ती त्यावर आहे.

घर आणि बाग आता दोन अपत्यांत निम्मी निम्मी. घटस्फोटाने त्यात काही फरक पडत नाही. आडनावही कुसाकाच राहील.

बाबा म्हणाले, "तारा तुटायच्या रात्री इथे कोण असतं, ते तारांना विचार."

मी नात्सुएला म्हटले, तू सांगायचे होतेस. ती म्हणाली, "तीनदा सांगितलं. तुम्ही माइकबद्दल बोलत होता." आवाजात राग नव्हता. राग असता तर उत्तर देता आले असते.

मग तिने विचारले, "मी मार्चची, तुम्ही जुलैचे. म्हणजे मी मोठी ना?"

हो. मोठी बहीण.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

चळतीत एकच कागद ठेवला. फॉर्म दोनदा वाचला. देव्हाऱ्यापुढे बसलो. आज दहा मिनिटे पत्रकाचा विचार आला नाही. नात्सुएच्या अक्षरातला माझा पत्ता बघत राहिलो. तेरा पायऱ्यांच्या वरचा.

सही केली. शिक्का सरळ आला.

साक्षीदार बाबा आणि हिराइवा आजी. आजींची स्वतःची केस बंद. नवऱ्याचे दुसरे वाक्य आले. कोणते, विचारले तर लाजल्या.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पत्रके परत छापायला द्यावीत का? 'घटस्फोट, नोकरी, वारसा' यानंतर 'स्वानुभव' घालावे असे वाटते. छापखानेवाला म्हणाला, डोके तेवढेच ठेवायचे का?

१४ डिसेंबर, शनिवार. दुपारी ३

काल तोक्योच्या बाईंचा फोन. "कुसाका नात्सुए यांचा धाकट्या भावासाठी निरोप: बर्फ लवकर येणार आहे, छाटणीला माणूस कमी आहे. जमल्यास या. हातमोजे स्वतःचे आणा." मग बाई म्हणाल्या, हाही खरं तर आमच्या सेवेत बसत नाही.

संकल्प: पाचला उठणे. साडेसहाला उठलो. तरी नऊच्या आत वर पोचलो. पाठ ठीक आहे.

नात्सुएने प्रत्येक झाडाला खुणा करून ठेवल्या होत्या. कापायच्या फांदीला पिवळी पताका, ठेवायच्या फांदीला निळी. त्या पताका बघून मला किती बरे वाटले सांगता येत नाही. ती म्हणाली, "आधी सगळं झाड खालून वर एकदा बघून घ्या. मग कात्री लावा."

मी म्हटले, तू बघितलेयस ना?

ती दोरी आणायला गेली.

नऊ मिनिटांत दोन झाडे केली. खाली उतरलो तेव्हा बाबा बर्फाची काठी टेकत उभे होते. पडलेल्या फांद्यांतल्या दोन त्यांनी वेगळ्या काढल्या. दोन्हींवर निळी पताका. पुढच्या सालचे कळे धरलेले, बोटाच्या पेरासारखे.

मी म्हटले, झाडं अजून मला ओळखत नाहीत, बाबा.

बाबा म्हणाले, "आता ओळखतील."